शॅलॉटच्या बाईचे केस: कवी बरोबर की चित्रकार?

बोरूबहाद्दर: १८५७ साली लंडनच्या प्रकाशक एडवर्ड मॉक्सनने इंग्रज कवी टेनिसनच्या कवितांची सचित्र आवृत्ती काढली. त्यात 'लेडी ऑफ शॅलॉट' या कवितेसाठी चित्रकार होल्मन हंटचं चित्र आहे. ही शापित बाई मनोऱ्यात विणत बसते, जग फक्त आरशात बघते. राजा आर्थरचा सरदार लान्सलॉट दिसताच खिडकीशी धावते आणि आरसा तडकतो. हंटने तिच्याभोवती मागाचे धागे गुंडाळले, केस तर वावटळीत सापडल्यासारखे वर उडवले. टेनिसन वैतागला: असं मी कुठे लिहिलंय? (किस्सा हंटनेच आठवणींत नोंदवलाय.) माझ्या मते कवीचंच बरोबर. कवितेत नाही ते चित्रात घुसडू नये.

खिडकीतली: साफ असहमत. हंटचं उत्तर का गाळलंत? कवीला पानंच्या पानं मिळतात, चित्रकाराला अर्धं पान. शाप कोसळला हे त्या अर्ध्या पानात कसं दाखवणार? आणि विणलेलं कापड उडून तरंगतं हे कवितेत आहेच की!

जुनापुराणा: टेनिसनने तरी दंतकथा कुठे जशीच्या तशी ठेवली? मुद्रक कॅक्स्टनने १४८५ साली छापलेल्या मॅलरीच्या आर्थर-कथांत अ‍ॅस्टोलॅटची (म्हणजे शॅलॉटचीच) एलेन लान्सलॉटपायी झुरून मरते, बस्स. टेनिसनने कथा घेतली एका इटालियन गोष्टीवरून. आरसा आणि माग त्याच्या पदरचे. स्वतः भर घालायची आणि दुसऱ्याला केसही उडवू द्यायचे नाहीत?

बोरूबहाद्दर: दंतकथा सगळ्यांची, कविता एकाची. मुखपृष्ठावर नाव टेनिसनचं आहे. चित्रकार रोसेटीने त्याच पुस्तकात दुसऱ्या एका कवितेसाठी संत सेसिलियाला कवटाळणारा देवदूत काढला, त्या कवितेत ती नुसती झोपलीय आणि देवदूत तिच्याकडे बघतोय. कवीलाही त्या चित्राचा अर्थ लागेना.

खिडकीतली: तरी आज लोक ती आवृत्ती हंट, रोसेटी आणि मिले या चित्रकारांसाठीच शोधतात.

ठोकळा: एक तांत्रिक मुद्दा. तेव्हा चित्र बहुधा थेट लाकडी ठोकळ्यावर काढत आणि कोरताना मूळ रेषा नाहीशी व्हायची. छापलेल्या केसांत कोरणाऱ्याचाही हात आहे, त्याला कुणी विचारत नाही. रोसेटी कोरणाऱ्यांच्या नावाने बोटं मोडायचा.

जुनापुराणा: १८९३-९४ मध्ये प्रकाशक डेंटने मॅलरीचं पुस्तक सचित्र काढलं तोवर फोटोवरून छपाईचे ठसे होऊ लागले होते. विशीतल्या चित्रकार बिअर्डस्लीने त्यात चक्क सॅटर घुसवले, ग्रीक पुराणातले शेळीपायी! मॅलरी जाऊन चारशे वर्षं झालेली, तक्रार करणार कोण?

बोरूबहाद्दर: विल्यम मॉरिसने केली की. पण त्याचं दुखणं सॅटर नव्हते, आपल्या केल्मस्कॉट छापखान्याच्या पुस्तकांची नक्कल झाली हे होतं.