मदत हवी आहे : कोल्हापूरहून दोन दिवसांत पन्हाळा, खिद्रापूर आणि दाजीपूर जमेल का?

नमस्कार मंडळी,
डिसेंबरात पुण्यामुंबईची चुलत-मावस भावंडं कोल्हापूरला येतायत, मुलं धरून आम्ही पंधरा जण आणि सोबत सत्तरीची आत्या. शनिवार-रविवार हातात आहे, सतरा सीटर ट्रॅव्हलर ठरवलीय. "इतिहास पण हवा, जंगल पण हवं" अशी फर्माईश आलीय आणि प्लॅन करायचं काम कोल्हापूरची म्हणून माझ्याच गळ्यात.

ग्रुपवर आलेली यादी अशी, पन्हाळा, मसाई पठार, पावनखिंड, विशाळगड, जोतिबा, खिद्रापूर, राधानगरी धरण, दाजीपूरचे गवे. वर रंकाळ्यावर भेळ आणि तांबडा-पांढरा तर हवाच म्हणे, तो यादीत नाही पण गृहीत आहे. नकाशा उघडून बघितला तर पन्हाळा वायव्येला वीसेक किलोमीटर, खिद्रापूर पार पूर्वेला कृष्णेकाठी साठेक, आणि दाजीपूर नैऋत्येला ऐंशीच्या आसपास, म्हणजे प्रत्येक वेळी कोल्हापुरात परत येऊनच पुढं जायचं.

पोरांना १६६० ची वाट चालायचीय, पन्हाळा ते पावनखिंड. सिद्दी जौहरचा वेढा, शिवा काशीद, बाजीप्रभू सगळं पाठ आहे त्यांना, पण ती वाट पन्नासेक किलोमीटर आहे आणि लोक दोन दिवस घेतात हे कोण सांगणार! मला स्वतःला खिद्रापूर सोडायचं नाही, बाकी काय वाट्टेल ते कापा. काय ठेवू, काय गाळू? आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाला पन्हाळ्यावर कितपत बघता येईल?

रांगडा_गडी :
ताई, विशाळगड आणि पावनखिंड सरळ काढा, मलकापूरवरून गाडीनं गेलात तरी अख्खा दिवस तिकडंच जातोय. पन्हाळ्यावर गाडी वरपर्यंत जाते त्यामुळं आत्यांची काळजी नको, अंबारखाना आणि तीन दरवाजा आरामात होतोय. गंगा कोठी आतनं बघा, धान्य साठवायला केवढी जागा होती ते उभं राहिल्याशिवाय कळत नाही. अंधारबावीच्या पायऱ्या मात्र आत्यांना नकोत. पोरांना तासभर मसाई पठारावर सोडा, महाराज विशाळगडाला गेले ती वाट तिथनंच जाते, तेवढ्यावर गप बसतील. पावसाळ्यानंतरची फुलं तेव्हा नसणार हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर फोटोवाले रुसतात.

धागाकर्ती :
हे पटलं. मग दाजीपूर की खिद्रापूर?

गवा_दिसला_का :
दाजीपूरला ट्रॅव्हलर आत नेण्याच्या भानगडीत पडू नका, आतला रस्ता कच्चा आहे, तिथली जीप घ्यावी लागते आणि पहाटे निघायला लागतंय. एवढं करून गवा दिसेलच असं नाही. पंधरा जणांचा गलका ऐकून कुठला गवा थांबतोय? अभयारण्याला एक दिवस पूर्ण द्यायचा असतो, तो पुढच्या खेपेला कमी माणसांत द्या. शनिवारी पन्हाळा-मसाई आणि येताना जोतिबा, रविवारी कुरुंदवाडवरून खिद्रापूर, परतताना नरसोबावाडी. खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिराच्या स्वर्गमंडपाला मधोमध छत नाही, बारा खांबांवर गोल उघडा आहे आणि खाली तेवढीच गोल शिळा. दुपारी बाराच्या सुमारास पोचा, थंडीत ऊन कलतं असतं म्हणून तो उजेडाचा गोल खांबांकडं सरकलेला दिसतो. आणि मंदिरासमोर नंदी का नाही हे पोरांना आधी शोधू द्या, मग सांगा की तो पलीकडं कर्नाटकात यडूरला आहे असं मानतात.

धागाकर्ती :
मस्त! गव्याची सुट्टी, फायनल. आता फक्त एक सांगा, रविवारी वाडीला गर्दी असते तर आधी वाडी करून मग खिद्रापूर करू का? आत्याला दत्ताचं दर्शन रांगेत फार उभं न राहता व्हायला हवं.

रांगडा_गडी :
मग वाडी सकाळी आठच्या आत उरका, बारापर्यंत खिद्रापूर निवांत गाठताय. येताना बासुंदी घ्या.