ओझोनचे भोक, हवा आणि हवामान : सहावी-सातवीत आधी काय शिकवायचे?

सातारकर बाई :
परवा इथे एका पालकांनी लिहिले की, सहावी ते आठवीच्या मुलांकडून वातावरणाचे थर आणि वायूंची टक्केवारी घोकून घेणे म्हणजे निव्वळ वेळेचा अपव्यय असून, ते तास थेट हवामानबदलाला द्यावेत, म्हणजे मुलांना 'संकटाची जाणीव' होईल. त्या लिखाणाला मिळालेली दाद पाहून दोन दिवस गप्प बसले. आज राहवत नाही.

मी वाई तालुक्यातल्या एका शाळेत बावीस वर्षे भूगोल शिकवते आहे. गेल्या वर्षी आठवीच्या वर्गात 'पृथ्वी का तापते आहे?' असे विचारले, तर बहुतेक मुलांनी एकमुखाने सांगितले की, ओझोनला भोक पडले आहे आणि त्यातून ऊन आत येते. याच मुलांनी वसुंधरा दिनाला जळत्या पृथ्वीची चित्रे रंगवली होती, तेव्हा जाणिवेची कमतरता होती असे कोणी म्हणू नये. ओझोन विरळ झाला तो फ्रीज आणि फवाऱ्यांतल्या क्लोरोफ्लुरोकार्बनमुळे, आणि त्याला १९८७च्या माँट्रियल करारानंतर बराच आळा बसला. पृथ्वी तापते आहे ती मुख्यतः कोळसा आणि तेल जाळून सुटणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमुळे. स्थितांबर, म्हणजे ओझोन ज्यात असतो तो वातावरणाचा थर, कशाशी खातात हेच ज्याला ठाऊक नाही, त्या मुलाला हा फरक मी कोणत्या भाषेत सांगावा?

टक्केवारीचेही तेच. नायट्रोजन ७८, ऑक्सिजन २१ आणि कार्बन डायऑक्साइड जेमतेम ०.०४ टक्के, असे फळ्यावर लिहिले तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "बाई, एवढुशाने काय होणार?" पुढचा अख्खा तास त्या प्रश्नावर गेला. जमिनीतून बाहेर पडणारी उष्णता नायट्रोजन आणि ऑक्सिजन अडवत नाहीत, ती अडवण्याचे काम मुख्यतः पाण्याची वाफ आणि हा एवढुसा वायूच करतो, आणि ही अडवणूक मुळीच नसती तर पृथ्वीचे सरासरी तापमान १५ ऐवजी उणे १८ अंशांच्या आसपास राहिले असते, हे सगळे त्या घोकलेल्या आकड्यातून निघाले.

आठवीतल्या मुलाचा बाप :
ते पालक मीच, आणि माझे म्हणणे आपण सोयीस्करपणे वाकवले आहे. थर शिकवू नका असे मी म्हटले नव्हते, ते घोकून घेऊ नका असे म्हटले होते. माझा मुलगा तपांबर, स्थितांबर, मध्यांबर, दलांबर हे श्लोकासारखे म्हणतो आणि पैकीच्या पैकी गुण आणतो. मात्र पसरणीचा घाट चढताना खिडकीतून गार वारा आला, तेव्हा त्यानेच मला विचारले की, आपण सूर्याच्या जवळ चाललो असताना थंडी का वाढते? उंचीच्या दर किलोमीटरला तापमान सुमारे साडेसहा अंशांनी उतरते, हे वाक्य त्याच्या वहीत लाल शाईने अधोरेखित केलेले होते! शिवाय तो सेमीचा. विज्ञान इंग्रजीतून आणि भूगोल मराठीतून, त्यामुळे ट्रोपोस्फिअर आणि तपांबर या दोन निरनिराळ्या वस्तू आहेत अशी त्याची वर्षभर समजूत होती.

आपल्या २१ टक्क्यांविषयीही सांगतो. ताटलीत पाणी घ्यायचे, मध्ये मेणबत्ती लावायची, वर ग्लास पालथा घालायचा, आणि पाणी चढले की 'जळून गेलेल्या ऑक्सिजनची जागा पाण्याने घेतली' असे सांगायचे, हा प्रयोग आपण वर्गात करत असालच. तो चूक आहे. मेणबत्ती विझते तेव्हा ग्लासातला सगळा ऑक्सिजन संपलेला नसतो; गरम झालेली हवा विझल्यानंतर थंड होऊन आकसते, म्हणून मुख्यतः पाणी चढते. एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावून पाहा.

निवृत्त निरीक्षक :
माझी उमेदीची वर्षे वेधशाळेत आकडे टिपण्यात गेली, म्हणून बोलतो. आपल्या दोघांच्या भांडणात मूळ दुखणे राहूनच गेले. पुस्तक म्हणते, 'हवा' म्हणजे वातावरणाची अल्पकालीन स्थिती आणि 'हवामान' म्हणजे त्या स्थितीची दीर्घकालीन सरासरी, जी आम्ही तीस वर्षांची धरतो. आता मुलाने काय समजावे? उद्या पाऊस पडेल की नाही ते सांगते हवामान खाते, वर्तमानपत्रात रोज छापून येतो तो हवामानाचा अंदाज, आणि हवा म्हटले की त्याला सायकलच्या चाकात भरतात ती आठवते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलीमीटर पाऊस झाला आणि त्याच शहरात कुलाब्याला अवघा ७३; ती एका दिवसाची हवा होती, पण आजही जो तो त्या एकट्या दिवसाकडे बोट दाखवून 'हवामान बदलले' असे म्हणतो. शब्दच घोटाळ्याचे असतील, तर थर पाठ केले काय आणि न केले काय!

नागपूरचा वाचक :
यावर सोपा उपाय आहे. हिंदीत मौसम आणि जलवायू असे दोन स्वच्छ शब्द आहेत. 'जलवायू' घ्यावा आणि वाद मिटवावा.

आठवीतल्या मुलाचा बाप :
हे मात्र सहन होण्यापलीकडचे आहे. मराठीत घोटाळा झाला की लगेच हिंदीच्या दाराशी वाडगा घेऊन जायचे, ही सवय आपण केव्हा सोडणार? आमची आजी 'इथली हवा मला मानवत नाही' म्हणायची, दमेकऱ्यांना 'हवापालट' करायला पाचगणीला पाठवत असत. त्या दोन्ही ठिकाणी 'हवा' म्हणजे पुस्तकातले हवामानच आहे. बोलीत जिवंत असलेला शब्द मारून वर कृत्रिम व्याख्या ज्यांनी बसवली, त्यांना जाब विचारावा.

नागपूरचा वाचक :
आपल्या स्वाभिमानाचा आदर राखून निदर्शनास आणतो की, जलवायूतले जल आणि वायू दोन्ही संस्कृत आहेत, आपल्या आजीबाईंची 'हवा' मात्र अरबीतून आलेली आहे. मान्सूनही अरबी 'मौसम'वरूनच आला. वाडगा घेऊन आपले पूर्वज बरेच लांब जाऊन आलेले दिसतात.

आठवीतल्या मुलाचा बाप :
व्युत्पत्तीचा वर्ग भरवायला मी इथे आलेलो नाही. शब्द कुठून आला यापेक्षा तो कोणाच्या तोंडी आहे हे महत्त्वाचे, आणि 'आज जलवायू छान आहे' असे आपल्या घरी कोणी म्हणत असेल तर मला अवश्य कळवा.

निवृत्त निरीक्षक :
तसे तर हिंदीतही कोणी म्हणत नाही, कारण जलवायू एका दिवसाचे नसतेच. फरक कळायला हवा तो नेमका हाच, आणि तो बाराव्या वर्षी कसा चुकतो ते आपण आता मोठेपणी करून दाखवलेत.

सातारकर बाई :
आपली शब्दांची कुस्ती आटोपली असेल तर मूळ मुद्द्याकडे येते. काल रात्री स्वयंपाकघरात आधी एक आणि मग तीन मेणबत्त्या लावून पाहिल्या. ग्लास तोच, ताटली तीच, आणि तीन मेणबत्त्यांना पाणी जवळजवळ दुप्पट चढले, शिवाय ते ज्योती विझल्यानंतरच झपकन चढले. ग्लासातला ऑक्सिजन काही वाढलेला नव्हता. बावीस वर्षे मी हा प्रयोग चुकीच्या स्पष्टीकरणासह करून दाखवला, हे मान्य करते. मात्र एखादी मेणबत्ती खोटी ठरली म्हणून २१ टक्के खोटे ठरत नाहीत.

घोकंपट्टीबद्दल म्हणाल, तर निवडणुकीच्या याद्या, सर्वेक्षणे आणि रोजची ऑनलाइन माहिती भरून उरलेल्या वेळात साठ मुलांचा वर्ग सांभाळणाऱ्याला घोकंपट्टीच परवडते, हेही एकदा कोणीतरी लिहावे. तरी गेल्या जुलैत आम्ही बाटल्यांचे पर्जन्यमापक केले होते. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलीमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तिथून ३० किलोमीटरच्या आसपास असलेल्या वाईला हजाराच्याही खाली. पर्जन्यछायेचा, म्हणजे डोंगराआड पाऊस कमी का पडतो याचा, धडा मुलांनी स्वतः मोजून लिहावा अशी माझी इच्छा होती. आकडे मात्र इतके विचित्र आले की वही मिटून ठेवली.

निवृत्त निरीक्षक :
बाटल्या शीतपेयाच्या होत्या का? त्यांच्या तळाला खाचा असतात, त्यामुळे पहिले काही सेंटिमीटर पाणी कोणत्याच हिशेबात बसत नाही. तळाशी खडे घाला, खाचा बुडेपर्यंत पाणी ओता, तिथे रेघ मारा आणि तिला शून्य म्हणा. कापलेले तोंड उलटे बसवताना त्याचा वरचा व्यास बाटलीच्या सरळ भागाएवढाच असला पाहिजे, आणि बाटली भिंतीपासून लांब ठेवा. मोजणी मात्र रोज सकाळी साडेआठलाच, आम्ही करतो तशी, म्हणजे तुमचे आकडे आमच्या आकड्यांशेजारी मांडता येतील.

आठवीतल्या मुलाचा बाप :
आणि याला 'थेट शिकवणे' म्हणतात असे मी पहिल्या दिवसापासून म्हणत होतो, तेव्हा मला मूर्खात काढले गेले. असो.

सातारकर बाई :
पहिल्या दिवशी आपण 'संकटाची जाणीव' म्हणाला होता, बाटलीचे नाव काढले नव्हते. बाटल्या शीतपेयाच्याच होत्या आणि शाळेच्या भिंतीला टेकून ठेवल्या होत्या. शाळा अकराला भरते. साडेआठला मोजणारे कोणीतरी जवळ राहणारे हवे. त्या मागच्या बाकावरच्या मुलीचे घर शाळेच्या कुंपणाला लागूनच आहे, तिला सोमवारी विचारते.