कीवर्ड नसलेल्या वस्तू आणि दुबार कीवर्ड क्वेरीने कसे शोधायचे?

जालना_बियाणे:
नमस्कार. बियाणे आणि शेतीसामानाच्या ऑनलाइन दुकानाचा डेटाबेस मायएसक्यूएल ८ वर आहे, कोलेशन (शब्दांची तुलना करायचा नियम) यूटीएफ८एमबी४_बिन. 'वस्तू' टेबलात आयडी आणि नाव. 'कीवर्ड' टेबलात आयडी, वस्तू_आयडी, शब्द, भाषा. मराठी कीवर्ड नसलेल्या वस्तू काढायला लेफ्ट जॉइन (कीवर्डची जोडी नसली तरी वस्तू ठेवणारी जोडणी) लावला आणि व्हेअरमध्ये भाषा = 'मराठी' अँड शब्द इज नल लिहिलं, तर एकही ओळ येत नाही. 'बीडीएन ७११' तुरीला तर मराठी कीवर्ड नक्की नाही. दुसरं म्हणजे 'दोऱ्या' एकाच वस्तूखाली दोनदा दिसतो, पण ग्रुप बाय केल्यावर दुबार म्हणून येत नाही.

लातूर_क्वेरी:
भाषेची अट व्हेअरमधून काढून ऑनमध्ये, म्हणजे जोडणीच्या अटीत घाला. जोडी न मिळालेल्या ओळीत भाषाही नलच, म्हणजे किंमतच नसलेली असते, तिची 'मराठी'शी तुलना कधीच खरी ठरत नाही. त्यामुळे हव्या त्याच ओळी गळतात.

सिलेक्ट व.आयडी, व.नाव फ्रॉम वस्तू व लेफ्ट जॉइन कीवर्ड क ऑन क.वस्तू_आयडी = व.आयडी अँड क.भाषा = 'मराठी' अँड ट्रिम(क.शब्द) <> '' व्हेअर क.आयडी इज नल

ट्रिमच्या अटीमुळे नुसता रिकामा कीवर्ड असलेल्या वस्तूही यादीत येतात. नॉट इन टाळा. सबक्वेरीत (क्वेरीच्या आतल्या क्वेरीत) एक वस्तू_आयडी जरी नल निघाला तरी सगळं उत्तर रिकामं येतं. नॉट एक्झिस्ट्स चालेल. मोजायचं असेल तर काउंट(क.आयडी) लिहा, कारण काउंट(*) कीवर्ड नसलेल्या वस्तूलाही १ दाखवतो.

परभणी_डेटा:
'दोऱ्या'चं मूळ टायपिंगमध्ये आहे. हा अर्धा र दोन तऱ्हांनी साठवला जातो: कुठे ऱ आणि हलंत, कुठे साधा र, हलंत आणि डोळ्यांना न दिसणारा झीरो विड्थ जॉइनर. पडद्यावर दोन्ही सारखेच, पण _बिन कोलेशन अक्षरांचे कोड ताडून बघतं, म्हणून त्याला ते वेगळे. हेक्स(शब्द) काढून साठवलेले कोड बघा, एकात ई२८०८डी, म्हणजे हा जॉइनर, सापडेल.

जॉइनर सरसकट उडवू नका, नाहीतर 'दोऱ्या'चं 'दोर्या' होईल! आधी रिप्लेसने 'र, हलंत, जॉइनर' या तिघांच्या जागी 'ऱ, हलंत' आणा, मग उरलेले जॉइनर काढा. ट्रिम फक्त साधी स्पेस काढतं. वेबपेजवरून चिकटवलेली नॉन-ब्रेकिंग स्पेस, म्हणजे हेक्समधली सी२ए०, वेगळ्या रिप्लेसने काढावी लागते. वाणांच्या नावांत कुठे मराठी आकडे, कुठे इंग्रजी, मध्येच डॅश. तेही एकसारखं करून घ्या. मात्र ही साफसफाई मूळ शब्दावर करू नका, 'शुद्ध_शब्द' असा वेगळा रकाना करा. मग ग्रुप बाय वस्तू_आयडी, भाषा, शुद्ध_शब्द हॅविंग काउंट(*) > १.

यात वस्तू_आयडी हवाच. 'तूर' हा शब्द तुरीच्या प्रत्येक वाणावर असायलाच पाहिजे, तो दुबार नव्हे. ग्रुप_कॉन्कॅटने आयडींची यादी काढणार असाल तर ती मुळात १०२४ बाइटला कापली जाते. ग्रुप_कॉन्कॅट_मॅक्स_लेन वाढवून ठेवा.

जालना_बियाणे:
ऑनमध्ये अट घातली आणि यादी आली, धन्यवाद. 'हरभरा' आणि 'हरबरा', 'सोयाबीन' आणि 'सोयाबिन' हेही दुबार धरून काढू का?

लातूर_क्वेरी:
अजिबात नको. गिऱ्हाईक बोलतं तसं टाइप करतं. 'हरबरा' पुसलात तर तसा शोधणाऱ्या शेतकऱ्याला बियाणं दिसणारच नाही. 'भगर' आणि 'वरई'चंही तेच, दोन्ही ठेवा.

खरे दुबार पुसण्याआधी टेबलाची प्रत काढा. डिलीटमध्ये त्याच टेबलावर थेट सबक्वेरी लावली तर मायएसक्यूएल १०९३ नंबरची एरर देतं. त्यापेक्षा टेबल स्वतःशीच जोडा:

डिलीट क२ फ्रॉम कीवर्ड क१ जॉइन कीवर्ड क२ ऑन क१.वस्तू_आयडी = क२.वस्तू_आयडी अँड क१.भाषा = क२.भाषा अँड क१.शुद्ध_शब्द = क२.शुद्ध_शब्द अँड क२.आयडी > क१.आयडी

सर्वांत लहान आयडीची ओळ राहते, बाकीच्या जातात. लगेच (वस्तू_आयडी, भाषा, शुद्ध_शब्द) यावर युनिक की (तीच जोडी पुन्हा येऊ न देणारी अट) लावा, आणि तिन्ही रकाने नॉट नल करा. युनिक की नल असलेल्या ओळी कितीही आत घेते.