आपल्या पोरांना काम देणारी गाडी कोणती?

रावेरकर: राम राम मंडळी. केळीचे पैसे हातात आलेत, दिवाळीच्या आत गाडी घ्यायची आहे. वडील म्हणतात, कंपनी आपल्या देशातलीच पाहिजे, तरच आपल्या पोरांना काम मिळतं. आयटीआय करून चाकणला गेलेला धाकटा भाऊ म्हणतो, नावावरून काही कळत नाही. मग बघायचं काय?

धुळ्याचा शाम्या: वडिलांचं खरंय. टाटा-महिंद्राच्या गाडीचं डिझाइन बरंचसं इथंच होतं, महिंद्राचं संशोधन केंद्र चेन्नईजवळ आहे. इंजिनिअर पोरांना ते काम मिळतं.

चाळीसगाव ते चाकण: रावेरकर भाऊ, मी चाकणला सीट बनवणाऱ्या लाइनवर आहे. आमच्या सीटा परदेशी कंपनीच्या गाडीत बसतात, पण काम करणारे आम्ही जळगाव, बीड, लातूरचे.

सीट मोठी वस्तू, साठवून ठेवायला परवडत नाही. लाइनवर ज्या क्रमाने गाड्या येतात त्याच क्रमाने सीटा पोचवाव्या लागतात, म्हणून सीटवाला कारखाना गाडीच्या कारखान्याशेजारीच लागतो. फोमवर कव्हर ओढायचं, हॉग रिंग, म्हणजे कव्हर पकडून ठेवणाऱ्या तारेच्या कड्या, मारायच्या, वाफेने सुरकुत्या काढायच्या. साइड एअरबॅग असलेल्या सीटला कडेची शिवण वेगळ्या दोऱ्याची असते, कारण एअरबॅग फुगली की ती उसवलीच पाहिजे. हे काम गाडी जिथं जोडतात तिथंच मिळतं. पूर्ण तयार गाडी बाहेरून आली की आमच्या हाताला काहीच नाही.

म्हणून कंपनीपेक्षा कारखाना बघा. मारुतीत निम्म्याहून जास्त वाटा सुझुकीचा, पण गाड्या हरियाणा-गुजरातेत बनतात. जिम्नी तर इथून जपानला जाते. किया आंध्रात पेनुकोंड्याला. टाटाची टियागो साणंदला, म्हणजे काम गुजरातेत. गाडीचा चेसिस नंबर एमए ते एमई किंवा एमझेडने सुरू झाला तर ती भारतात बनलेली.

धुळ्याचा शाम्या: पण परदेशी कंपनी उठून गेली तर? तळेगावला जनरल मोटर्सने २०१७ मध्ये देशातली विक्री थांबवली, २०२० च्या डिसेंबरात कारखानाच बंद. कामगार रस्त्यावर आले.

चाळीसगाव ते चाकण: हो, त्या दिवसांत तळेगावच्या खोल्या रिकाम्या झाल्या होत्या. आता तोच कारखाना ह्युंदाईने घेतलाय, नवी वेन्यू तिथं बनते. पण जुन्या माणसांची ती वर्षं गेलीच की! आणि मला जास्त सलतं ते दुसरंच. गाडी देशी असो की परदेशी, लाइनवर निम्मी पोरं ठेक्यावर किंवा ट्रेनी. शेजारी उभा असलेला पर्मनंट तेच काम करतो, पगार मात्र दुप्पट. वडिलांनी शोरूममध्ये हे विचारलं तर सेल्समन गप्प होईल, तरी विचारा.

रावेरकर: विचारतो दादा. भाऊही ठेक्यावरच आहे, त्याने काय जपायचं?

चाळीसगाव ते चाकण: दर महिन्याला सरकारच्या उमंग अ‍ॅपवर पीएफ जमा झाला का बघायचं. हजेरीचे आणि ओव्हरटाइमचे तास वहीत लिहून ठेवायचे. ठेकेदाराने पगार बुडवला तर ज्या कंपनीत काम करतो त्या मूळ कंपनीला द्यावा लागतो, पण तेव्हा हातात कागद लागतो.