समुद्रात सांडलेला प्लास्टिकचा दाणा: नुसता कचरा की विष?

खारावारा:
कामानिमित्त तिरुवनंतपुरमला असतो. २५ मे २०२५ ला एमएससी एल्सा ३ हे जहाज कोचीपासून साधारण ३८ सागरी मैलांवर बुडालं, ६४० कंटेनर होते त्यावर, आणि काही दिवसांतच इकडच्या किनाऱ्याला प्लास्टिकचा दाणा, म्हणजे वितळवून वस्तू बनवायचा कच्चा माल, लागायला लागला. मी कोचुवेलीला दोन रविवार वाळू चाळायला गेलो होतो. भरतीची ओली रेघ असते ना, जिथे काटक्या शिंपल्या अडकतात, तिथे साबुदाण्याचं पोतं फुटल्यासारखा पांढरा थर. बायका घरातल्या चाळण्या घेऊन आलेल्या. पण चाळणीत शिंपल्यांचे तुकडेही उरतात, म्हणून सगळं बादलीभर पाण्यात ओतायचं, वाळू खाली बसते, दाणा वर तरंगतो, तो झाऱ्याने काढायचा. तीन तासांत दोघांनी मिळून अर्धी बादली, आणि पुढच्या भरतीला तीच रेघ परत पांढरी.

तेव्हा जो तो म्हणत होता की घातक माल वेगळा, १३ कंटेनर घातक वस्तूंचे नि १२ कॅल्शियम कार्बाइडचे, दाणा काय, दाणा निरुपद्रवी. मला हे अजिबात पटत नाही. प्लास्टिकच्या डब्यात रस्सा ठेवला की डबा पिवळा पडतो आणि दहा वेळा घासला तरी वास जात नाही, हे प्रत्येक घरात माहीत आहे. तेलकट पदार्थ प्लास्टिक धरून ठेवतं. समुद्रात पीसीबी (कारखान्यांतलं जुनं रसायन), डीडीटी (कीटकनाशक) ही विषं अशीच तेलात विरघळणारी, ती ह्या दाण्यावर गोळा होतात. जपानचे शास्त्रज्ञ ताकादा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये दाखवलं की आजूबाजूच्या पाण्यापेक्षा दहा लाख पटीपर्यंत. दाणा हा केमिकल मालच धरला पाहिजे, जहाजावर चढतानाच.

वसईचा_मोल्डर:
दादा, वीस वर्षं मोल्डिंग करतोय, रोज ह्याच दाण्यात हात असतात. पॉलिथिनचा व्हर्जिन, म्हणजे कोरा, न वापरलेला दाणा हा सगळ्यात साधा माल आहे, दुधाच्या पिशव्या ह्यातूनच होतात. घातक म्हणायचं तर पीव्हीसी मऊ करायला डीओपी नावाचं रसायन घालतात ते म्हणा, जुन्या टीव्हीच्या कॅबिनेटमधलं ब्रोमिनवालं आगरोधक म्हणा. सगळं प्लास्टिक एकाच पोत्यात घालू नका. किनाऱ्यावर सांडला तो गुन्हाच आहे, जहाजवाल्याकडून पै न पै वसूल करा, पण विष विष म्हणून ओरडलं की उद्या आमच्यासारख्या छोट्या कारखान्यांच्या दारात लोक उभे राहतात.

देवगडची_लेक:
मी मासे विकणाऱ्या बाईची मुलगी. समुद्रात विष आलं असं कुठेतरी छापून येतं नि दुसऱ्या दिवशी आईची टोपली अर्धी भरलेली परत येते, हे मी लहानपणापासून बघितलंय. बांगडा घेणारी नेहमीची गिऱ्हाइकं तीन-तीन दिवस दार उघडत नाहीत. केरळात त्या वेळी हेच झालं, लोकांनी मासे खायचं सोडलं, आणि तिकडे ९ जूनला ट्रॉलिंगची, म्हणजे यांत्रिक बोटींनी जाळं ओढून मासेमारीची, बंदी लागते म्हणजे हातात राहिलेले शेवटचे कमाईचे दिवस होते ते. सरकारने काय दिलं, कुटुंबाला हजार रुपये आणि सहा किलो तांदूळ. तुम्ही दाणा चाळलात त्याबद्दल मनापासून आभार, पण लिहिताना हे डोक्यात ठेवा की माणसं आधी मासळी सोडतात, प्लास्टिक सोडत नाहीत.

रसायन_पुणे:
डब्याचं उदाहरण बरोबर आहे पण अर्धंच सांगितलंत. डबा वास सोडत नाही हेच माझं म्हणणं. जे प्लास्टिकने घट्ट धरलंय ते माशाच्या पोटात पटकन सुटेलच असं नाही, आणि समुद्रात प्लास्टिकच्या मानाने पाणी, गाळ, प्लवंग (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) इतकं प्रचंड आहे की बहुतेक सगळं विष माशाला त्यातूनच मिळतं. कूलमन्स वगैरे संशोधकांनी २०१६ मध्ये हा हिशेब मांडला होता, त्यात प्लास्टिकवरून येणारा वाटा नगण्य निघाला. आपल्या खाड्यांत प्रक्रिया न करता सोडलेलं सांडपाणी बघा, कारखान्यांचं बघा, दाभोळ खाडीत मासे मरतात म्हणून लोक किती वर्षं बोंबलतायत. तिथे लावायचा जोर साबुदाण्यावर कशाला घालवायचा?

खारावारा:
ताई, तुमचं म्हणणं लागलं मनाला, मी मासे खाऊ नका असं कुठेच म्हटलेलं नाही, म्हणणारही नाही, मी स्वतः खातोय.

पुण्याच्या सरांना मात्र सांगतो, तुम्ही फक्त बाहेरून चिकटणाऱ्या विषाचं बोललात. प्लास्टिक बनवतानाच आत जे घालतात त्याचं काय? २०१३ चं काम आहे, उत्तर पॅसिफिकमधल्या शिअरवॉटर पक्ष्यांच्या चरबीत आगरोधक सापडलं, ते पक्षी जे मासे खातात त्यांच्यात ते नव्हतं, पण त्याच पक्ष्यांच्या पोटातल्या प्लास्टिकच्या तुकड्यांत होतं. म्हणजे पोटात सुटतं. पोटातलं पाणी समुद्राच्या पाण्यासारखं नसतं, तिथे तेल असतं, पित्त असतं, ऊब असते. दुसरं, प्रोक्लोरोकोकस नावाचा जीवाणू, समुद्रातला ऑक्सिजन बनवण्यात त्याचा मोठा वाटा, २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियात किराणाच्या पिशव्या नि पीव्हीसीची चटई पाण्यात भिजवून ते पाणी त्याला दिलं तर त्याची वाढ खुंटली. तिथे पोटाचा प्रश्नच नाही, नुसतं पाझरलेलं पाणी.

आणि आपल्या शेजारचं उदाहरण, मे २०२१ ला कोलंबोजवळ एक्स-प्रेस पर्ल हे जहाज जळलं, सुमारे १६८० टन दाणा होता. त्यातला काही जळून, वितळून, काळ्या ढेकळांसारखा किनाऱ्यावर आला. जळलं की पीएएचसारखी (धुरात, काजळीत असतात ती) नवीन केमिकल्स तयार होतात. तो कुठला दुधाच्या पिशवीचा दाणा राहिला?

रसायन_पुणे:
पक्ष्यांचा मुद्दा मान्य, आतल्या ॲडिटिव्हबद्दल मी वेगळं बोलायला हवं होतं. जीवाणूचा नाही मान्य, प्रयोगशाळेत जितकं दाट पाणी दिलं तितकं उघड्या समुद्रात कुठे असतं? बंदिस्त खाडीत, बंदरात, किनाऱ्याच्या कचऱ्याखालच्या डबक्यात कदाचित. तिथे मोजा. मोजल्याशिवाय मी विष हा शब्द वापरणार नाही, आणि सांडपाणी पहिलं हे माझं मत तसंच आहे.

देवगडची_लेक:
सर, ती बंदिस्त खाडीच आमचं घर आहे. कालवं, तिसऱ्या ह्या शिंपल्या तिथेच होतात, त्या पाणी गाळून जगतात. उघडा समुद्र तुम्हाला मोठा वाटतो, बाया कालवं काढायला जातात ती जागा गुडघाभर पाण्याची असते. नुसती बोंब नको हे मीच म्हणते, पण मग मोजायला कोणी तरी या की. आणि तो दाणा ओला असला की अगदी गाभोळीसारखा दिसतो, मासा फसणारच.

वसईचा_मोल्डर:
एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो. रंगाचा मास्टरबॅच, म्हणजे मालात मिसळायचा दाट रंगाचा दाणा, घेतो तेव्हा त्यात प्लास्टिक टिकवणारा कुठला स्टॅबिलायझर आहे हे मी विकणाऱ्याला विचारलंय, एकदा नाही तीन वेळा. उत्तर एकच, फॉर्म्युला सांगता येत नाही. यूव्ही ३२८ हा उन्हात प्लास्टिक टिकावं म्हणून घालायचा पदार्थ २०२३ मध्ये स्टॉकहोम कराराच्या, म्हणजे न विघटणाऱ्या विषारी रसायनांवरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीत गेला, तो माझ्या मालात होता का नव्हता हे मला आजही माहीत नाही. व्हर्जिन दाण्याबद्दल माझं मत बदललेलं नाही. पण आत काय आहे हे मला बनवणाऱ्यालाच कळत नसेल तर वाळू चाळणाऱ्या बाईला कुठून कळणार, हे मात्र खरं.

खारावारा:
मोल्डर दादा, तुम्ही हे लिहिलंत ते फार महत्त्वाचं आहे. मला हवंय ते एवढंच: २५ किलोच्या पोत्यावर ग्रेडच्या नंबराबरोबर आत काय मिसळलंय ते छापलेलं. आज आंतरराष्ट्रीय पातळीवर दाणा नीट बांधावा, डेकवर ठेवू नये, अशी २०२४ ची सूचना आहे, पण ती ऐच्छिक. केरळने जहाजाच्या मालकांवर ९५३१ कोटींचा दावा लावलाय, चालू दे. पण वाळूत काय उरलंय ते शोधायचं तर कशाची टेस्ट करायची हे आधी कळायला हवं.

घरी एका बरणीत कोचुवेलीचे दाणे ठेवलेत. बहुतेक पांढरे, काही पिवळे पडलेले, ते बहुधा जुने, ह्या जहाजाचे नसावेत. ताकादांच्या लोकांना पिवळ्या दाण्यांत पीसीबी जास्त सापडलं होतं. ते जगभरातून पोस्टाने दाणे मागवून तपासतात. ताई, तुमच्या खाडीकडे भरतीच्या रेघेत असे मिळाले तर पांढरे-पिवळे वेगळे करून ठेवा, कागदावर जागा नि तारीख लिहून.

देवगडची_लेक:
ठेवते. उद्या ओहोटीला जाणारच आहे.