'सेव्ह'ला मराठीत काय म्हणाल?

शेंगदाणा:
भाचा न्यू जर्सीत असतो, बेसबॉलवेडा. परवा फोनवर साताऱ्याच्या आजीला न्यूयॉर्कच्या यांकीज संघाच्या मारियानो रिव्हेराची थोरवी सांगत होता. "आजी, त्याचे ६५२ सेव्ह आहेत!" आजी म्हणाली, "बँकेत का?" पोरगं गप्प. शब्द सुचवा. 'बचाव' नको, त्याने डोळ्यांपुढे काळा कोट येतो.

बाभूळकाटा:
आधी वस्तू बघू, मग बारसं. संघ पुढे असताना बदली पिचर (चेंडू टाकणारा) उतरतो, सामना संपेपर्यंत टाकतो आणि आघाडी हातची जाऊ देत नाही. साधारण नियम असा, की आघाडी तीन धावांपर्यंतचीच हवी आणि सामन्याच्या नऊ इनिंगपैकी (डावांपैकी) निदान एक टाकलेली हवी (पोटनियम आहेत, ते आजीला नकोत). हा आकडा अधिकृत झाला १९६९ साली. रिव्हेरा पनामात जन्मला तोही त्याच वर्षी.
म्हणजे यात बुडत्याला कुणी वाचवत नाही. हातात आहे ते राखायचं. आपली क्रीडापानं 'आघाडी राखली' लिहितातच की. माझं मत: राखण. ६५२ राखणी.

कुंपण:
शब्द गोड आहे, पण पटत नाही. आमचे आजोबा ज्वारीच्या राखणीला उजाडल्यापासून गोफण घेऊन माळ्यावर असायचे. हा गडी येतो नवव्या इनिंगला, तिघांना बाद करतो, घरी जातो. १११५ सामन्यांत मिळून इनिंग किती? १२८३.२. सामन्याला एकच्या जरा वर. ही कसली राखण?

बाभूळकाटा:
अहो, पेरणीला कोण माळ्यावर बसतं? दाणा भरला की मगच माळा उभा राहतो. नववी इनिंग म्हणजे भरलेलं कणीस.
आणि राखण म्हटलं की उलटा शब्दही आपसूक मिळतो. आघाडी घालवली तर 'ब्लोन सेव्ह' म्हणतात, आपण म्हणू 'पाखरं पडली'. रिव्हेराच्या ८० वेळा पडली. २००१च्या वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे अजिंक्यपदाच्या अंतिम मालिकेचा सातवा सामना, ॲरिझोनात, नववी इनिंग, यांकीज २-१ पुढे. त्याचा दुसऱ्या बेसकडचा थ्रो भरकटला, बरोबरी झाली आणि शेवटी ॲरिझोनाच्या लुइस गोन्झालेझने आत आलेल्या फील्डरांच्या डोक्यावरून अलगद चेंडू टाकला. अख्खं शेत खाल्लं.

शेंगदाणा:
१२८३.२ म्हणजे दशांश ना?

कुंपण:
नाही हो. क्रिकेटमध्ये १९.४ षटकं म्हणजे एकोणीस षटकं चार चेंडू, तसंच. इथे .२ म्हणजे दोन बाद, इनिंगचे दोन तृतीयांश.

तळटीप:
मला जास्त छळतो तो ईआरए (अर्न्ड रन ॲव्हरेज, पिचरने नऊ इनिंगमागे दिलेल्या धावांची सरासरी), त्यातला 'अर्न्ड रन'. एका ठिकाणी 'अर्जित धाव' वाचलं आणि थेट रजेचा अर्ज आठवला. अर्जित रजा आपण कमावतो, आपल्या फायद्याची. ही धाव पिचरच्या डोक्यावर चढते! क्षेत्ररक्षकाच्या चुकीने गेलेली धाव त्याच्या नावे लिहीत नाहीत, उरलेल्या लिहितात. गंमत म्हणजे चूक त्या पिचरची स्वतःची असली तरी माफ. म्हणून मी 'नावावरची धाव' म्हणते, किराणा दुकानाच्या वहीत उधारी असते तशी. रिव्हेराच्या नावावर ३१५. नवाने गुणा, इनिंगने भागा: २.२१. नऊ इनिंगला सव्वादोनहून कमी. प्लेऑफमध्ये, म्हणजे मोसमाअखेरच्या बाद फेऱ्यांत तर ०.७०, जिथे समोर निवडक संघ असतात तिथे.

कुंपण:
'नावावरची धाव' घेतली. क्रिकेटवाले फलंदाजाची समजतील, पण आजीचा तसा गैरसमज होणार नाही, तिला उधारी ठाऊक आहे. राखणही घेतली, नाइलाजाने. मग 'क्लोजर', म्हणजे शेवटी येऊन सामना संपवणारा पिचर, तो राखणदार?

बाभूळकाटा:
कोकणात राखणदार म्हणजे गावाच्या वेशीवरचा देव, त्याला नारळ द्यावा लागतो. २०१९ला हॉल ऑफ फेमसाठी (बेसबॉलमधल्या थोरांची मानाची यादी) रिव्हेराला ४२५ पैकी ४२५ मतं पडली, असं त्याआधी कुणाचंच झालं नव्हतं. तेव्हा नारळ द्यायला माझी हरकत नाही.

शेंगदाणा:
आजीला सांगितलं: "तो राखणदार, ६५२ राखणी केल्या." तिने विचारलं, "आणि पगार?"