नागपूरच्या बर्डीवर (सीताबर्डी बाजारात) मेमरी कार्ड घ्यायला जाण्याआधी
३२ जीबीपर्यंतच चालणाऱ्या जुन्या फोनमध्ये ६४ जीबीचं कार्ड चालेल का, असं तुम्ही विचारलंय. मेमरी कार्डांचे क्षमतेप्रमाणे प्रकार असतात: ४ ते ३२ जीबीची कार्डं एसडीएचसी, त्यापुढे २ टीबीपर्यंत (म्हणजे तुमचं ६४ जीबीचंही) एसडीएक्ससी. ही मोठी कार्डं एक्सफॅटमध्ये (कार्डावर फाइली मांडून ठेवायची एक पद्धत) फॉरमॅट केलेली येतात आणि जुना फोन बरेचदा तिथेच अडतो. काही फोनांत कार्ड फॅट३२ या जुन्या पद्धतीत फॉरमॅट केल्यावर चालतात, पण त्या भरवशावर पैसे घालू नका. फोन सोबत नेऊन दुकानातच कार्ड टाकून बघा, आणि पक्कं बिल घ्याच! मी स्वस्तात घेतलेलं १२८ जीबीचं कार्ड बनावट निघालं. फोनमध्ये दिसायचं १२८, पण थोडं भरल्यावर पुढचे फोटो उघडेचनात. भाचीच्या बारशाचे फोटो गेले, ते अजून सलतं. नवीन कार्ड आधी कॉम्प्युटरवर एचटूटेस्टडब्ल्यू (H2testw) या कार्ड तपासायच्या प्रोग्रॅमने पूर्ण भरून तपासा, मगच वापरा.